लहरी सार्वजनिक, स्टुडिओ कुणाचा?

(जयपूरमध्ये शिकणाऱ्या मराठी विद्यार्थी-संशोधकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण, थोड्या संपादनासह.)



मला 'माध्यमं आणि जात' असा विषय दिला होता. त्यावर आपण सगळेच इतकं बोललेलो आहोत की मी काय म्हणणार हे तुम्ही मला आधीच सांगू शकाल. म्हणून आज मी बातमीबद्दल कमी आणि बातमी ज्या वाटेनं घरात येते त्या वाटेबद्दल जास्त बोलणार आहे. ती वाट कुणाच्या मालकीची आहे?

वर्तमानपत्र आणि रेडिओ-टीव्ही यांत एक मूलभूत फरक आहे आणि तो आपण फारसा लक्षात घेत नाही. वर्तमानपत्राचा मालक कागद, शाई आणि यंत्र विकत घेतो. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला तेव्हा पैशाची चणचण होती, पण तो निघाला म्हणून दुसऱ्या कुणाचं पत्र बंद पडलं नाही. रेडिओचं तसं नाही. जयपूर शहरात एखादी वारंवारता एका कंपनीला दिली की त्या वारंवारतेवर या शहरात दुसरं कुणीही बोलू शकत नाही. टीव्हीची वाहिनी उपग्रहाकडे जाते तीही अशाच ठरवून दिलेल्या लहरींवर. म्हणजे एकाला परवाना देणं हे बाकीच्या सगळ्यांना गप्प बसवून दिलेलं असतं. ज्या गोष्टीत एकाला दिल्यानं इतरांचं जातं, ती गोष्ट मुळात कुणाची, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

या प्रश्नाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिलं. गंमत म्हणजे ते क्रिकेटच्या भांडणातून आलं. १९९३ साली बंगालच्या क्रिकेट संघटनेनं हीरो कप भरवला आणि प्रक्षेपणाचे हक्क दूरदर्शनऐवजी एका परदेशी कंपनीला विकले. सरकार अडून बसलं, कंपनीची यंत्रसामग्री कस्टम्सनं रोखली आणि प्रकरण कोर्टात गेलं. सचिननं शेवटची ओव्हर टाकून दक्षिण आफ्रिकेला हरवलं तो सामना याच स्पर्धेतला. निकालात न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांनी म्हटलं की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठीच झाला पाहिजे. सरकारची मक्तेदारी चालणार नाही आणि खासगी मक्तेदारीही चालणार नाही. त्यासाठी सरकारनं ताबडतोब एक स्वतंत्र, स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरण स्थापन करावं आणि त्यात समाजातल्या सर्व घटकांचं प्रतिनिधित्व असावं, असा स्पष्ट आदेश होता.

ते प्राधिकरण आजपर्यंत झालेलं नाही. १९९७ साली प्रसारण विधेयक आलं आणि लोकसभेबरोबर विरून गेलं. त्याच वर्षी प्रसार भारती झाली, पण ती आकाशवाणी-दूरदर्शनपुरती. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा एका विधेयकाचा मसुदा आला. मालकीबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातसुद्धा केंद्र सरकार हे 'जनतेच्या वतीनं' स्पेक्ट्रमचं मालक आहे असं लिहिलेलं आहे. जनता मालक, हे कागदावर पक्कं.

कागदावर पक्कं म्हटलं की आपल्याला महाड आठवतं. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला आणि १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. तळं कायद्यानं खुलं होतं. तरी २० मार्च १९२७ पर्यंत अस्पृश्य माणूस त्या पाण्याला हात लावू शकला नाही. लावल्यावर डोकी फुटली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला आणि सवर्ण मंडळी कोर्टात जाऊन म्हणाली की हे तळं खासगीच आहे. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ साल उजाडलं. मला वाटतं प्रसारण-लहरी आज १९२४ ते १९२७ च्या मधल्या त्या काळात आहेत. ठराव झालेला आहे आणि पाण्यापर्यंत कुणी पोचलेलं नाही.

(जाता जाता: महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जिचं दहन झालं त्या मनुस्मृतीच्या कर्त्याचा पुतळा आपण बसलोय त्याच शहरात, हायकोर्टाच्या आवारात, १९८९ पासून उभा आहे. २०१८ साली त्याला काळं फासायला दोन बाया औरंगाबादहून इथवर आल्या होत्या. जयपूरला आलेल्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला हवामहालाआधी हे माहीत असावं.)

आता न्या. सावंतांबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण त्यांच्या एकट्याच्या आयुष्यात हा सगळा विषय येऊन जातो. मंडल आयोगाच्या खटल्याचा निकाल १६ नोव्हेंबर १९९२ ला लागला, ओबीसींचं २७ टक्के आरक्षण वैध ठरलं. त्या नऊ न्यायाधीशांच्या पीठात सावंतही होते आणि जीवन रेड्डीही होते. सव्वादोन वर्षांनी हेच दोघे लहरींचा निकाल देतात आणि प्राधिकरणात 'सर्व घटकांचं प्रतिनिधित्व' हवं म्हणतात. मला हा शब्दप्रयोग योगायोगानं आलेला वाटत नाही. नोकरीत प्रतिनिधित्व का हवं याचा ज्यांनी नुकताच एवढा विचार केला होता, त्यांना आवाजाच्या बाबतीतही तेच दिसलं असणार. माध्यमांच्या अभ्यासक्रमात हे दोन निकाल वेगवेगळ्या पेपरात शिकवतात. एकत्र शिकवले पाहिजेत.

पुढे याच सावंतांना टीव्हीनं दोनदा गाठलं. २००८ साली 'टाइम्स नाऊ'नं भविष्य निर्वाह निधीच्या घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्याच एका न्यायाधीशाच्या जागी सावंतांचा फोटो दाखवला. काही सेकंद. सावंत पुण्याच्या कोर्टात गेले आणि २०११ साली कोर्टानं १०० कोटी रुपयांची नुकसानभरपाई ठरवली. अपील ऐकून घेण्याआधी हायकोर्टानं वाहिनीला २० कोटी भरायला आणि ८० कोटींची बँक हमी द्यायला सांगितलं. तेव्हा वृत्तस्वातंत्र्याच्या नावानं बराच आरडाओरडा झाला. रक्कम फार मोठी होती हे मलाही मान्य आहे. पण सर्वोच्च न्यायालयाचा माजी न्यायाधीश आणि प्रेस कौन्सिलचा माजी अध्यक्ष होता म्हणून निदान दाद तरी मागता आली. दंगलीनंतर, मोर्चानंतर ज्या पोरांचे चेहरे लाल गोल करून दिवसभर पडद्यावर फिरवतात, त्यांनी कुठल्या कोर्टात जायचं?

दुसऱ्यांदा गाठलं ते भीमा कोरेगावनंतर. ३१ डिसेंबर २०१७ च्या शनिवारवाड्यावरच्या एल्गार परिषदेच्या आयोजकांत आपण आहोत, हे सावंत आणि न्या. बी. जी. कोळसे पाटील यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. हजारो लोकांसमोर, उघड्या मैदानात झालेली सभा. १ जानेवारीला आपल्या लोकांवर दगड पडले, गाड्या जळाल्या. पुढच्या काही महिन्यांत अनेक वाहिन्यांवर विषय दगड कुणी मारले हा राहिला नाही, तर 'शहरी नक्षल' हा झाला. ज्या माणसानं लहरी जनतेच्या आहेत असं लिहून दिलं, त्याच्या सभेला त्याच लहरींवरून कट ठरवलं गेलं. सावंत १५ फेब्रुवारी २०२१ ला पुण्यात गेले. त्या दिवशी मी काही वाहिन्या मुद्दाम लावून पाहिल्या. १९९५ च्या निकालाचा उल्लेख मला एकीवरही ऐकू आला नाही. वाहिन्यांचा बराचसा धंदा ज्या निकालानंतर उभा राहिला त्याचा उल्लेख.

हे असं का होतं याची आकडेवारी तुमच्यापैकी अनेकांना पाठ आहे, तरी थोडक्यात. २००६ साली अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधल्या ३१५ वरिष्ठ पदांची पाहणी केली. ७१ टक्के जागांवर सवर्ण हिंदू पुरुष होते. दलित आणि आदिवासी मिळून एकही नाही. २०१९ साली ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्रीचा अहवाल आला, त्यात नेतृत्वाच्या १२१ पदांपैकी १०६ सवर्णांकडे आणि अनुसूचित जाती-जमातींकडे शून्य. तेरा वर्षांत शून्य तेवढं टिकून राहिलं. या आकड्यांवर नेहमीचं उत्तर असतं की खासगी कंपनी आहे, कुणाला घ्यायचं हा तिचा प्रश्न. वर्तमानपत्रानं हे म्हटलं तर निदान वाद घालता येईल. सार्वजनिक लहरींवर चालणाऱ्या वाहिनीला हे उत्तर देण्याचा अधिकार नाही. तुम्ही आमच्या जागेत दुकान मांडून बसला आहात.

त्या २००६ सालातच, २९ सप्टेंबरला, खैरलांजी झालं. भंडाऱ्यापासून फार लांब नाही. मोठ्या वाहिन्यांवर ते ठळकपणे आलं महिनाभर उलटल्यावर, म्हणजे नोव्हेंबरमध्ये आपले लोक रस्त्यावर उतरल्यावर. आणि ३० नोव्हेंबरला, कानपूरच्या पुतळा विटंबनेनंतर, डेक्कन क्वीनचे डबे जळाले तेव्हा कॅमेरे तासाभरात पोचले होते. आग सगळ्या देशानं पाहिली. चार माणसं मेली ते गाव देशाला नकाशावर शोधावं लागलं. माझा शोधप्रबंध याच अंतराबद्दल आहे, त्यामुळे इथे मी थांबते, नाहीतर रात्र होईल.

एक छोटा अनुभव सांगते. एका मराठी वाहिनीवरून मला चर्चेसाठी फोन येतो तो फक्त दोन विषयांवर, आरक्षण आणि अत्याचार. एकदा मी म्हटलं, अर्थसंकल्पावर बोलते, अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी मी वाचलेला आहे. पलीकडून अगदी प्रेमानं उत्तर आलं, 'ताई, त्याला आमच्याकडे तज्ज्ञ आहेत.'

आता मूळ मुद्दा. ९ नोव्हेंबर २०२२ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयानं टीव्ही वाहिन्यांसाठी नवीन मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात लिहिलं आहे की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्यामुळे प्रत्येक वाहिनीनं रोज किमान ३० मिनिटं लोकहिताचा आशय दाखवावा. आठ विषय दिलेत: शिक्षण, शेती, आरोग्य, विज्ञान, महिला कल्याण, पर्यावरण, राष्ट्रीय एकात्मता आणि त्यात एक 'समाजातील दुर्बल घटकांचे कल्याण'. सत्तावीस वर्षांनी का होईना, सावंतांचं वाक्य नियमात उतरलं.

मग ३० जानेवारी २०२३ ला खुलासा आला. अर्धा तास सलग असण्याची गरज नाही. वेगळा कार्यक्रम करण्याची गरज नाही, चालू कार्यक्रमातच तो आशय गुंफला तरी चालेल. मध्यरात्र ते सकाळी सहा ही वेळ तेवढी मोजायची नाही. आणि वाहिनीनं दर महिन्याला आपला अहवाल मंत्रालयाच्या पोर्टलवर स्वतःच भरायचा. म्हणजे मालिकेतल्या सासूनं सुनेला 'शिकव गं पोरीला' म्हटलं तरी ते शिक्षणात मोजता येईल. दुर्बल घटकांच्या खात्यात काय काय जमा होत असेल याची मला खरोखर उत्सुकता आहे. ते अहवाल मालकानं, म्हणजे जनतेनं, पाहायला नकोत का?

मला त्या नियमातला 'कल्याण' हा शब्दही खटकतो. आमच्याबद्दल अर्धा तास बोला, ही आमची मागणी नव्हती. माईक कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न होता.

माईक हातात घेण्याचं एक खरं उदाहरण आहे आणि ते टीव्हीचं नाही. तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूर नावाचं गाव आहे. तिथल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित स्त्रियांनी १९९८ च्या सुमारास युनेस्कोच्या मदतीनं रेडिओचा स्टुडिओ उभा केला. मनोरा उभा राहिला, यंत्रं आली, बाया ध्वनिमुद्रण शिकल्या. परवाना मिळाला नाही. मग त्या काय करत? कार्यक्रम टेपवर घ्यायचे आणि संघमच्या बैठकीत टेप लावून ऐकायचे. असं दहा वर्षं. २००६ साली सामुदायिक रेडिओचं धोरण स्वयंसेवी संस्थांना खुलं झालं आणि १५ ऑक्टोबर २००८ ला 'संघम रेडिओ' हवेत गेला. ज्वारी-बाजरी, बियाणं, बाळंतपण, सणाची गाणी, सगळं त्यांच्या तेलुगूत, शहरी तेलुगूत नाही. आपल्याकडे माणदेशात म्हसवडलाही बायांच्या पुढाकारानं असं केंद्र चालतं.

पण या केंद्रांना दिलेली जागा बघा. १०० वॅटची ताकद, म्हणजे आसपासची काही गावं. आणि बातम्या द्यायला बंदी, द्यायच्याच तर आकाशवाणीच्या, जशाच्या तशा. टीव्हीवर शेकडो वाहिन्या चोवीस तास बातम्यांच्या नावावर काहीही करू शकतात. पण ज्या माध्यमाला तुलनेनं स्वस्त यंत्रं पुरतात, जे अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत जातं, त्यावर मात्र 'आज आमच्या गावात दलितांचा पाण्याचा नळ तोडला' एवढं सांगता येत नाही. खासगी एफएमलाही हीच बंदी आहे. मात्र इथल्या एफएमची मालकी बघा. माय एफएम दैनिक भास्करवाल्यांचं, एफएम तडका राजस्थान पत्रिकावाल्यांचं. सकाळी दारात पेपर त्यांचा आणि रिक्षात गाणं त्यांचंच. दूरसंचार नियामकानं २०१४ साली अशा मालकीवर मर्यादा घालण्याच्या शिफारशी केल्या होत्या, त्यांवर धूळ बसली आहे.

जयपूरचा विषय निघालाच आहे तर सांगते, भारतात खेड्यांत टीव्ही पोचवण्याचा पहिला मोठा प्रयोग याच जिल्ह्यात झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, अमेरिकन उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत. राजस्थानात जयपूर, कोटा आणि सवाई माधोपूर. संच कुणाच्या घरात नव्हता, शाळेत किंवा पंचायतीत होता. विचार चांगला होता. पण राजस्थानात काय आणि मराठवाड्यात काय, शाळा-पंचायत गावाच्या कुठल्या बाजूला असते आणि संध्याकाळी तिथे पुढे कोण बसतं आणि दाराबाहेर कोण, हे तुम्हाला मी सांगायला नको. वर्षभरानं उपग्रह परत गेला.

आपल्या लोकांनी लहरींवर हक्क सांगितल्याचा एक प्रसंग मला फार विचार करायला लावतो. १९८८ साली दूरदर्शनवरचं 'रामायण' संपलं तेव्हा जालंधरसारख्या शहरांत वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप केला. मागणी काय, तर उत्तरकांडही दाखवा, त्यात वाल्मीकी ऋषी आहेत. पुढे ती मालिका झाली. आपल्यातले अनेकजण या प्रसंगावर हसतात की मागून मागितलं काय तर रामायण. मी हसत नाही. मागणीचा आशय मला मान्य नाही, पण 'पडद्यावर आम्हीही दिसलो पाहिजे, नाहीतर शहर झाडणार नाही' एवढं थेट कुठल्या विद्यापीठातल्या सेमिनारनं म्हटलेलं मला माहीत नाही.

आवाजाच्या बाबतीत सरकारी रेडिओचा इतिहासही काही स्वच्छ नाही. १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. हार्मोनियम म्हणजे कव्वाली, तमाशा, जलसा, आपली भजनी मंडळं. पन्नासच्या दशकात प्रसारणमंत्री बी. व्ही. केसकर, मूळचे पुण्याचे, त्यांनी सिनेसंगीत हटवलं आणि गायकांची श्रेणी ठरवणाऱ्या चाचण्या आणल्या. शुद्ध काय आणि हलकं काय, हे ठरवणारे कोण होते हे वेगळं सांगायला नको. लोक सिलोनकडे वळले आणि आकाशवाणीला १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली.

या सगळ्यात वामनदादा कर्डक कुठे होते? गावोगाव फिरत होते. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप आणि कितीतरी नाव नसलेले गायक कॅसेटवर होते, १४ एप्रिलच्या भोंग्यावर होते. आपल्या समाजानं स्वतःच्या लहरी कॅसेट आणि भोंग्याच्या बनवल्या, कारण सार्वजनिक म्हणवणाऱ्या लहरींवर जागा वर्षातून दोन दिवसांची होती. आणि भोंगाच कशाला? २०१५ साली शिर्डीत एका तरुणाचा जीव गेला, मोबाईलच्या रिंगटोनवर बाबासाहेबांचं गाणं वाजलं म्हणून. स्वतःच्या खिशातलं गाणं. हवेत उठणारा आवाज किती सार्वजनिक आहे याचं त्याहून कडू उत्तर मला माहीत नाही.

विठ्ठल उमप गेले ते २६ नोव्हेंबर २०१० ला, नागपुरात, दीक्षाभूमीवर. 'लॉर्ड बुद्धा' वाहिनीच्या उद्घाटनाच्या मंचावरच ते कोसळले. आपली स्वतःची वाहिनी व्हावी ही ओढ किती जुनी आहे ते यातून कळतं. पण आपली वाहिनी हे पूर्ण उत्तर आहे असं मला वाटत नाही. बातम्यांच्या वाहिनीचा परवाना मागायचा तर कंपनीकडे २० कोटींची मालमत्ता दाखवावी लागते. डीटीएचवर जागा, केबलवर जागा, सगळ्याला पैसा. मग आपण यूट्यूबवर जातो. जावंच, मीही जाते. पण यूट्यूब ही कुणाची सार्वजनिक मालमत्ता नाही, तिथे आपण भाडेकरूसुद्धा नाही, पाहुणे आहोत. आपल्या हक्काची जागा सोडून पाहुणा म्हणून राहण्यात मला समाधान वाटत नाही.

मागण्या अवघड नाहीत. परवाना नूतनीकरणाच्या वेळी वाहिनीनं आपल्या संपादकीय विभागाची सामाजिक रचना जाहीर करावी. सामुदायिक रेडिओला स्थानिक बातम्यांची मुभा मिळावी. आणि १९९५ चं प्राधिकरण, सर्व घटकांच्या प्रतिनिधित्वासह. हे लगेच होणार नाही. लगेच होण्यासारखं एक आहे, ते सांगून संपवते.

३० मिनिटांचे मासिक अहवाल माहितीच्या अधिकारात मागायचे. अर्जाचा मसुदा मी मराठी आणि हिंदीत करून आणला आहे, शुल्क १० रुपये. सोबत आपणही नोंद ठेवायची. पाच मराठी आणि पाच हिंदी वाहिन्या, एक महिना, संध्याकाळी सात ते दहा. 'दुर्बल घटक' कधी दिसले, किती मिनिटं, बोललं कोण. तक्ता तयार आहे. वसतिगृहात टीव्ही नसला तरी मोबाईलवर वाहिन्या दिसतात. आठ-दहा जण लागतील, दोन नावं आधीच आली आहेत. बाकीच्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे द्या.

जयभीम.